तुडतुडे मोजायला परदेशात कशाला जायचं?

बचत गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की नर्स, शिक्षिका, पोलीस भरती इथपर्यंत सगळ्या जणी मान डोलावतात. पण अमकीची पोरगी शेतीचं शिकायला परदेशात जायचं म्हणते, असं कुणी सांगितलं की हसू फुटतं. "शेती शिकायला विमानात बसायचं? आमच्या बांधीत उतर म्हणावं, फुकटात शिकवतो!" या बोलण्यात तथ्य आहेच. सिंदेवाही, मूल, नागभीड भागातल्या बायांना पऱ्हे उपटताना, रोवताना, निंदताना जे दिसतं ते वर्गात बसून दिसत नाही. तरी आज मी त्या पोरीच्या बाजूने बोलणार आहे. पण आधी तुडतुड्याबद्दल बोलू, म्हणजे पोरीचं म्हणणं कळेल.

धान पोटरीवर येतं, बांध्या हिरव्यागार दिसतात आणि एक दिवस मधोमध गोल चट्टा पडतो. आधी पिवळा, मग करपल्यासारखा तपकिरी. बुडाशी वाकून पाहिलं तर पाण्याच्या वर बोटभर जागेत बारीक तपकिरी तुडतुडे खचाखच बसलेले. घरचे माणूस दुकानात जातात, डबा आणतात, फवारणी होते. तुडतुडे मरतात. बरं वाटतं. आणि दहा-बारा दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त होतात. मग दुसरा डबा, जास्त महागाचा. औषध भेसळीचं होतं असं आपण म्हणतो. कधी असतंही. पण भेसळ नसली तरी हे असंच होतं. असं का होतं, हे नीट उकलून दाखवलं ते परदेशात शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने, आणि तो अमेरिकेतून आशियातल्या भातशेतीत शिकायला आला होता.

त्याचं नाव पीटर केनमोर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा विद्यार्थी. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो फिलिपिन्समध्ये लॉस बानोस इथे आला. तिथे १९६० मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. त्या काळात फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत, सगळीकडे नव्या बुटक्या धानाच्या जाती आल्या होत्या. त्यांच्यासोबत युरिया आला, फवारणी आली, आणि पूर्वी किरकोळ समजला जाणारा तपकिरी तुडतुडा बांध्याच्या बांध्या जाळू लागला. केनमोरने काही बांध्या फवारल्या, काही तशाच ठेवल्या आणि हंगामभर चुडीचुडीतले किडे मोजले. न फवारलेल्या बांधीत तुडतुडे थोडे वाढले आणि थांबले. फवारलेल्या बांधीत ते कित्येक पटींनी वाढले.

कारण अगदी साधं आहे. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणात, म्हणजे खोडाला बिलगलेल्या भागाच्या आत, चीर पाडून अंडी घालते. एक मादी दोनशेच्या वर अंडी घालू शकते. ती आत दडलेली असतात, औषध तिथवर पोचत नाही. वरचे तुडतुडे मरतात, पण त्यांच्यासोबत त्यांना खाणारे कोळीही मरतात. आठवडाभरात अंडी फुटतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा बांधीत त्यांना खायला कुणी उरलेलंच नसतं. कोंबड्या राखणारा कुत्रा मारून टाकावा आणि मग मुंगूस फार झाले म्हणून ओरडावं, तसं हे झालं.

हे कोळी तुम्ही रोज पाहता. पाण्यावरून सुरसुर पळणारा, पाठीवर फाट्यासारखी रेघ असलेला करडा कोळी, ज्याला शास्त्रात लांडगा कोळी म्हणतात, तो जाळं विणत नाही. चुडीच्या बुडाशी शिकार करतो. एक कोळी दिवसाला ५ ते १५ किडे खातो. त्याच्या मादीच्या मागे अंड्यांची पांढरी पिशवी चिकटलेली असते, मग पिल्लं पाठीवर बसतात. निंदताना हातावर चढला तर आपण झटकून देतो. दुसरा एक हिरवा-काळा नाजूक ढेकूण असतो, त्याचं नाव मिरीड ढेकूण. तो तुडतुड्याची आवरणात दडलेली अंडीच शोधून शोषतो. जिथे औषध पोचत नाही तिथे हा पोचतो. पण दिसायला तो तुडतुड्यासारखाच, म्हणून तो दिसला की आपण घाबरून आणखी फवारतो.

लॉस बानोसच्या संशोधकांनी धानातल्या या मित्रकिड्यांची चित्रं असलेली एक छोटी पुस्तिका १९८७ मध्ये काढली. पुढे तिची कितीतरी भाषांत भाषांतरं झाली. मला विचाराल तर परदेशी शिक्षणातून आलेली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे अशी चित्रं. डबा एका हंगामात संपतो, पण ओळखायला शिकलेला कोळी पुढच्या वर्षीही ओळखू येतो.

केनमोरचं हे काम पुढे इंडोनेशियात कामी आलं. तिथे सरकार कीटकनाशकांवर भरमसाट अनुदान देत होतं आणि तरी तुडतुडा आवरत नव्हता. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही बंद केलं. धान बुडेल अशी भीती होती, तसं काही झालं नाही. त्यानंतर तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडे कृषी विभाग शेतीशाळा घेतो ती कल्पना तिथूनच आली. आठवड्यातून एक सकाळ, पंचवीसेक जणांचा गट, वर्ग म्हणजे बांधी. चुडी पाहायच्या, मोजायचं, मोठ्या कागदावर धानाचं चित्र काढून एका बाजूला शत्रुकिडे आणि दुसऱ्या बाजूला मित्रकिडे काढायचे, आणि या आठवड्यात काय करायचं ते गटाने ठरवायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचंही अडत नाही.

त्या शाळांतला एक खेळ आपल्या गटाने नक्की करावा. एका मडक्यात किंवा जुन्या डब्यात चिखलासकट धानाची एक चूड लावा. तिच्यावर काटक्या रोवून मच्छरदाणीचं कापड बांधा. आत वीस तुडतुडे सोडा. शेजारी तशीच दुसरी चूड ठेवा, तिच्यात वीस तुडतुडे आणि एक लांडगा कोळी सोडा. दोन-तीन दिवसांनी दोन्हीकडचे मोजा. कोण मित्र, कोण शत्रू, हे मग कुणाला सांगावं लागत नाही.

आता व्हिएतनाम. हा देश मला आपला वाटतो, कारण तिथे हे काम रेडिओने केलं. के. एल. हिओंग हे कीटकशास्त्रज्ञ आणि फिलिपिन्समधल्या संवादशास्त्राच्या प्राध्यापिका मोनिना एस्कालाडा यांनी पाहिलं की शेतकरी सर्वांत जास्त फवारे मारतात ते लागवडीनंतर लवकर, पान गुंडाळणाऱ्या अळीसाठी. पान पांढरं पडलेलं लांबून दिसतं, जीव घाबरतो. पण कोवळं धान नवी पानं काढून ती झीज भरून काढतं, उत्पन्न घटत नाही. त्यांनी शेतकऱ्यांना नुसतं "फवारू नका" असं सांगितलं नाही. म्हणाले, शेताच्या एका तुकड्यात पहिले ४० दिवस या अळीसाठी फवारू नका आणि कापणीला दोन्हीकडचं धान मोजून पाहा. १९९४ पासून मेकाँग नदीच्या खोऱ्यात रेडिओवरच्या छोट्या विनोदी नाटुकल्यांतून हे घरोघरी गेलं. लोकांनी करून पाहिलं आणि फवारण्या खूप कमी झाल्या.

इथे मात्र मला थांबून एक सांगायचं आहे. व्हिएतनामचे ४० दिवस आपण जसेच्या तसे उचलायचे नाहीत. आपल्याकडे गादमाशी आहे. ही डासासारखी बारीक माशी. तिची अळी फुटव्याच्या कोंबात शिरते, आणि पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी बाहेर येते. त्या फुटव्याला लोंबी येतच नाही. हे सगळं धान फुटव्यावर असताना, म्हणजे सुरुवातीच्याच दिवसांत घडतं. शिवाय गादमाशीच्या वेगवेगळ्या जातकुळ्या आहेत. भारतात अशा सात सापडल्या, आणि भंडाऱ्याकडची माशी रायपूरच्या माशीपेक्षा वेगळी निघाली. म्हणून रायपूरकडे टिकणारं धान आपल्याकडे टिकेलच असं नाही. याचा निकाल लॉस बानोसमध्येही लागत नाही आणि हॉलंडमध्येही नाही. तो पूर्व विदर्भातल्या चिखलातच लागतो. त्यासाठीच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र सिंदेवाहीला आहे, आणि शेजारीच कृषी विज्ञान केंद्र आहे. बाहेर शिकून आलेल्या माणसाचं ज्ञान इथे येऊन पुन्हा तपासावं लागतं.

गादमाशीलाही शत्रू आहे. प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी काळी गांधीलमाशी. ती गादमाशीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आणि गादमाशीची अळी आतून पोखरली जाते. शिफारस अशी आहे की ही परजीवी माशी असलेल्या गादी, दर १० चौरस मीटरला एक याप्रमाणे, रोवणीनंतर १० दिवसांनी बांधीत सोडाव्या. परजीवी असलेली गाद कशी ओळखायची हे कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञाकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या, रेडिओवरून ते दाखवता येत नाही. एवढं लक्षात ठेवा की अंदाधुंद फवारणीत आधी ही माशी मरते. कोंबात बसलेली गादमाशीची अळी सुखरूप राहते.

आता मोजायचं कसं ते सांगते. सकाळी बांधीत तिरपं चालत जायचं, वीस चुडी पाहायच्या. प्रत्येक चूड हाताने हलकेच वाकवून बुडाशी थाप मारायची. तुडतुडे पाण्यावर पडतात. कोळी वेगळे मोजायचे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा हिशेब असा आहे की फुटव्यामागे सरासरी एक तुडतुडा झाला तर उपाय करायची वेळ आली. पण चुडीमागे एक कोळी असेल तर फुटव्यामागे दोन तुडतुडे होईपर्यंत थांबता येतं. म्हणजे दहा फुटव्यांच्या चुडीत कोळी नसेल तर दहाला सावध व्हायचं, कोळी असेल तर वीसला. एका कोळ्याची किंमत दहा तुडतुडे!

आणि वेळ आलीच तरी पहिला उपाय डबा नाही. बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाका, युरियाचा हप्ता थांबवा. फार दाट धान असेल तर चुडी बाजूला सारून बुडाशी ऊन-वारा जाऊ द्या. पुढच्या वर्षी रोवतानाच दर दहा ओळींनंतर फूट-सव्वा फुटाचा पट्टा मोकळा सोडा. रोवणारे हात आपलेच असतात, तेव्हा हे आपल्याच हाती आहे. मग मेटारायझियम नावाच्या बुरशीची भुकटी आहे, ती तुडतुड्याला रोग लावते. रासायनिक औषध अगदी शेवटी, आणि विचारून. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन या गटातली औषधं धानात मारली तर तुडतुडे उलट वाढतात, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे.

खोडकिड्याचंही थोडं सांगते. त्याची मादी पऱ्ह्यांच्या शेंड्याकडे अंड्यांचे पुंजके घालते. रोवण्याआधी पेंडीचे शेंडे खुडले तर ते पुंजके बांधीत जातच नाहीत. ट्रायकोकार्डही मिळतं. त्याच्यावरच्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाश्या निघतात आणि खोडकिड्याची अंडी संपवतात. हेक्टरी ५० हजार, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. कार्ड लावलं की त्या आठवड्यात फवारणी करायची नाही, नाहीतर पैसे पाण्यात.

हे एवढं तपशिलात सांगते कारण यात आपला जीव अडकला आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणारे बहुतेक पुरुष होते. पण पंपात भरायचं पाणी वाहून कोण आणतं? फवारणीचे कपडे कोण धुतं? फवारलेल्या बांधीत दोन दिवसांनी निंदायला कोण वाकतं? आणि त्याच बांधीतल्या मासोळ्या, झिंगे, खेकडे आणून आपणच पोरांच्या ताटात वाढतो. परदेशातल्या एका काकडीवाल्याची गोष्ट आठवते. हॉलंडमधले यान कोपर्ट. त्यांना कीटकनाशकांची ॲलर्जी होती, म्हणून १९६७ मध्ये त्यांनी काचघरात लाल कोळी खाणारे दुसरे कोळी सोडले. त्यातून मित्रकिडे विकणारी जगातली एक मोठी कंपनी उभी राहिली. काचघरातलं तंत्र आपल्या बांधीला लागू होत नाही, पण अंगाला त्रास झाला म्हणून वेगळा रस्ता शोधणारा माणूस आपल्याला कळतो.

तर आता त्या पोरीचं बघू. शेती शिकायला बाहेर जाणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभर वर्षांहून आधी गेले. ते क्रांतिकारक, गदर चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शिकले. इंग्रजांमुळे मायदेशी येता येईना, तेव्हा १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या नव्या जातींवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा उघडल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने त्यांना भिंतीवर रंगवलं आहे. भाकरी वाटणारा माणूस म्हणून! १९५५ मध्ये ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. मला मात्र चुटपुट लागते ती वेगळीच. ऐन उमेदीची तीस वर्षं त्यांच्या विद्येचा लाभ मक्याला झाला, आपल्या धानाला, कपाशीला नाही.

एम. एस. स्वामीनाथन यांचं उलट झालं. ते १९४९ मध्ये हॉलंडच्या वाखेनिंगेनला गेले. तिथे त्यांचा विषयच कीड होता. बटाट्याच्या मुळात शिरणाऱ्या सूत्रकृमीला तोंड देण्याची ताकद रानटी बटाट्यातून लागवडीच्या बटाट्यात कशी आणायची, यावर त्यांनी काम केलं. मग केंब्रिज, मग अमेरिका, आणि १९५४ मध्ये परत भारतात, कटकच्या भात संशोधन संस्थेत. हरित क्रांतीत त्यांचा मोठा वाटा होता, तरी कीटकनाशकांच्या बेसुमार वापराचा धोका त्यांनी १९६८ च्या जानेवारीतच विज्ञान परिषदेत बोलून दाखवला होता. कीड आणि पीक दोन्ही जवळून पाहिलेला माणूस असं बोलू शकतो.

ज्ञान नेहमी तिकडून इकडेच येतं असंही नाही. कडुनिंबापासून बुरशीनाशक काढण्याचा हक्क एका अमेरिकी कंपनीने आणि तिथल्या सरकारी कृषी खात्याने युरोपात आपल्या नावावर करून घेतला होता. भारतात हे आधीपासून वापरलं जातं, अशी साक्ष निघाली आणि २००० मध्ये तो हक्क रद्द झाला. २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. ती लढाई लढायला दोन्हीकडची भाषा कळणारे लोक लागले. आपली पोरगी शिकली तर अशा ठिकाणी आपल्या बाजूने बोलेल.

रस्ता असा आहे. बारावी विज्ञान शाखेतून, मग सीईटी देऊन कृषी पदवीची चार वर्षं. आपल्या जवळ नागपूर, गडचिरोली, वरोऱ्याचं आनंदनिकेतन अशी कृषी महाविद्यालयं आहेत. त्यानंतर कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी. परदेशाचा विचार इथे करायचा, बारावीनंतर लगेच नाही. पैशाचं म्हणाल तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांचाही समावेश आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमांकाची अट असते, ती बदलत राहते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण किंवा प्रकल्प कार्यालयात जाऊन पाहायची. "आम्ही प्रवेश करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ द्यायचा नाही. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट यांना वेळ लागतो, ते पदवीच्या शेवटच्या वर्षातच करून ठेवायचं.

आणि परदेश जमलाच नाही तरी दार बंद होत नाही. लॉस बानोसच्या संस्थेचं एक केंद्र आता वाराणसीला आहे. मित्रकिड्यांचं मोठं काम बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत चालतं, आणि हैदराबादला वनस्पती आरोग्य व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था जैविक कीड नियंत्रणाचं प्रशिक्षण देते.

अशी मुलगी सुटीत गावी आली तर तिला पाहुणी म्हणून खाटेवर बसवू नका. सकाळी बांधीत न्या. तिला किड्याचं शास्त्रीय नाव माहीत असेल, तुम्हाला तो कोणत्या पावसानंतर येतो ते माहीत असेल. दोघींनी मिळून वीस चुडी मोजा आणि वहीत तारीख, तुडतुडे, कोळी, चंदेरी नळ्या एवढं लिहून ठेवा. दर आठवड्याला त्याच दिवशी. धान पोटरीवर येईपर्यंतची तुमच्या गटाची वही कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा आणि फवारणीचा सल्ला त्या वहीवरून मागा. मच्छरदाणीतल्या कोळ्याने किती तुडतुडे खाल्ले तेही आम्हाला कळवा, पुढच्या भागात आकडे वाचून दाखवीन. नमस्कार.